नॅनोतंत्रज्ञान सल्लागार यंत्रणा, महाराष्ट्र

नॅनोतंत्रज्ञानातील (अब्जांश तंत्रज्ञानातील) संशोधनाला निधी, उपकरणे आणि दिशा देण्यासाठी संस्थांचे जे जाळे उभे राहिले, त्यातील तज्ज्ञांची व्यवस्था. काही तज्ज्ञ धोरण व निधी ठरवणाऱ्या मंडळांवर असतात, तर काही प्रयोगशाळेत यंत्राशेजारी उभे राहून संशोधकाला वाट दाखवतात. महाराष्ट्रात दोन्ही प्रकारचे काम झाले आहे. दुसऱ्या प्रकारची दखल मात्र फार कमी घेतली जाते, म्हणून या नोंदीत त्यालाच अधिक जागा दिली आहे.

साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. तोच घन १० नॅनोमीटर बाजूच्या घनांत कापला, तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर भरते. पदार्थ तितकाच राहतो, पण त्याची क्रियाशीलता बदलते. त्यामुळे कणाचा आकार खरोखर किती आहे, हा या क्षेत्रातला पहिला प्रश्न ठरतो आणि सल्लागाराची गरजही तिथूनच सुरू होते.

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००१ मध्ये नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान उपक्रम सुरू केला. २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांचे ‘नॅनो मिशन’ आले. त्याच्या परिषदेचे अध्यक्षपद रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांच्याकडे होते. परिषदेच्या हाताशी दोन सल्लागार गट दिले होते, एक मूलभूत विज्ञानासाठी आणि दुसरा उपयोजन व तंत्रज्ञानासाठी.

महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण पवईचे आहे. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००६ मध्ये नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभारली. पवईच्या उभारणीत जुझर वासी व व्ही. रामगोपाल राव यांचा मोठा वाटा होता. स्वच्छकक्ष (धूळमुक्त प्रयोगकक्ष) आणि त्यातील यंत्रे कोट्यवधींची असतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला ती परवडणे अशक्यच. यावर उपाय म्हणून २००८ मध्ये ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्राम’ सुरू झाला आणि देशातल्या कोणत्याही महाविद्यालयातील संशोधकाला या सुविधा खुल्या झाल्या. आधी ओळखवर्ग, मग प्रत्यक्ष यंत्रावर प्रशिक्षण, त्यानंतर स्वतःचा प्रकल्प, अशा पायऱ्या त्यात आहेत. कार्यक्रमाच्या पुढच्या टप्प्यात दिल्ली, मद्रास, खरगपूर व गुवाहाटी येथील आयआयटीही सामील झाल्या.

प्रस्ताव तपासण्याच्या पायरीवर तज्ज्ञाचे खरे कसब दिसते. ‘नॅनोपदार्थाचा वायुसंवेदक करायचा आहे’ एवढ्या वाक्यावर काहीच होत नाही. थर कशावर चढवायचा, त्याची जाडी किती, विद्युतअग्रे कोणत्या धातूची, तापवताना थर सुटणार नाही ना, आणि मोजायचे नेमके काय, हे प्रश्न कोणीतरी विचारावे लागतात. ते वेळीच विचारले गेले तर संशोधकाचे वर्ष वाचते. हे काम शोधनिबंधात नावानिशी येत नाही, पण प्रादेशिक जाळे टिकते ते याच कामावर.

पुण्यात ही परंपरा आणखी जुनी आहे. पुणे विद्यापीठ आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या दोन्ही ठिकाणी नॅनोविज्ञानाची केंद्रे झाली. विद्यापीठातील सुलभा कुलकर्णी यांचे नॅनोतंत्रज्ञानावरील इंग्रजी पाठ्यपुस्तक देशभरच्या विद्यार्थ्यांनी वापरले. रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वनस्पतीच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण घडवल्याचे प्रसिद्ध केले. २००९ मध्ये बाजारात आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ या जलशुद्धकात भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे नॅनोकण यांचा मेळ आहे. त्यामागेही पुण्यातील संशोधन होते.

राखेवरूनच नाशिक तालुक्यातील एकलहरे या गावाचा विषय निघतो. गोदावरीकाठच्या या गावात महानिर्मितीचे औष्णिक वीजकेंद्र आहे. १४० मेगावॉटचे दोन जुने संच बंद झाल्यावर २१० मेगावॉटचे तीन संच उरले. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४५ टक्के असल्याने अशा केंद्रात राखेचे ढीग साचतात. केंद्र सरकारच्या १९९९ च्या व त्यानंतरच्या अधिसूचनांनी ही राख वापरात आणणे बंधनकारक केले. विटा, सिमेंट, रस्त्यांचा भराव हे रुळलेले उपयोग आहेत. राख दळून तिच्यापासून नॅनोपदार्थ करण्याच्या कल्पनाही अधूनमधून मांडल्या जातात.

इथे सल्लागाराने सावध करायला हवे. उडत्या राखेचे बहुतेक कण एक ते शंभर मायक्रोमीटरचे असतात, म्हणजे नॅनोकणांहून कितीतरी मोठे. शिवाय राखेचा बराच भाग काचेसारखा अस्फटिक असतो. क्ष-किरण विवर्तनात त्याचा रुंद उंचवटा दिसतो आणि नवखा अभ्यासक त्यालाच बारीक कणांची खूण समजून बसतो. खात्रीसाठी पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कण पाहावेच लागतात. तुसाच्या राखेचे गणितही कोळशाच्या राखेला लागू पडत नाही. तूस जाळल्यावर मुख्यतः सिलिका उरते. कोळशाच्या राखेत ॲल्युमिना, लोह आणि जड धातूंचे अंश येतात. पाणी गाळण्यासाठी ती वापरायची झाल्यास कोणता धातू किती प्रमाणात पाण्यात उतरतो, ही चाचणी सर्वांत आधी हवी.

एकलहऱ्याच्या परिसरातील शेतकऱ्यालाही या सल्ल्याची तितकीच गरज आहे. इफ्कोचा द्रवरूप नॅनो युरिया २०२१ मध्ये बाजारात आला. अर्धा लिटरची एक बाटली ४५ किलोच्या गोणीची जागा घेते, असा दावा होता. चार टक्के नत्राच्या त्या बाटलीत सुमारे २० ग्रॅम नत्र भरते. गोणीत ते सुमारे २० किलो असते. एवढी हजारपट तफावत पानांवरच्या फवारणीने भरून निघते का, यावर कृषिशास्त्रज्ञांत वाद झाला. पंजाब कृषी विद्यापीठाच्या शेतप्रयोगांत गहू व भात दोहोंचे उत्पादन घटल्याचे आढळले. नॅनो कृषिनिविष्ठांचे मूल्यमापन कसे करावे, याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २०२० मध्येच जाहीर केली होती. ती निर्माते, संशोधक आणि नियामक यांच्यासाठी आहेत. द्राक्षबागेत फवारणीपूर्वी बाटलीवरचा आकडा तपासून देणारा माणूस शेतकऱ्याजवळ असावा, अशी सोय त्यांत नाही. कृषी विज्ञान केंद्रांतील विषयतज्ज्ञांना पवई व पुण्याच्या प्रयोगशाळांशी जोडले, तर ही सोय नवी संस्था न उभारताही होऊ शकते.