भूतकाळ इंग्रजीतला, वळण मराठीचे

नाशिकच्या सीबीएस स्थानकावर बस कशी चुकली, हे मराठी माणूस चारचौघांत सहज सांगतो. तोच प्रसंग इंग्रजीत सांगताना मात्र तो अडखळतो. शब्द ठाऊक असतात, पण ते मराठी वाक्याच्या साच्यात बसवले जातात. मुलाखत, बँकेतील तक्रार किंवा विम्याचा दावा अशा प्रसंगी काय घडले व कोणत्या क्रमाने घडले हे नेमके सांगावे लागते. त्यासाठी भूतकाळी क्रियापद, क्रियाविशेषण आणि उभयान्वयी अव्यय या तिन्हींवर पकड हवी.

भूतकाळी क्रियापद

मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात बहुधा कर्माप्रमाणे बदलते. 'मुलाने आंबा खाल्ला', पण 'मुलाने पोळी खाल्ली'. इंग्रजीत कर्ता व कर्म कोणतेही असो, 'एट' हेच रूप कायम राहते. कर्त्यानुसार बदलतात ती केवळ 'वॉज' व 'वेअर' ही रूपे.

नकार देताना मराठीत 'गेला' हे भूतकाळी रूप तसेच ठेवून 'नाही' जोडतात. त्यामुळे 'ही डिड नॉट वेंट' असे चुकीचे वाक्य तोंडी येते. इंग्रजीत भूतकाळ 'डिड'मध्येच येऊन जातो. पुढे मूळ क्रियापद लागते. म्हणून 'ही डिड नॉट गो' आणि प्रश्न विचारताना 'डिड ही गो?'

'मी काल पंचवटीत गेलो होतो' या वाक्यातील 'होतो' हीदेखील एक फसवी जागा आहे. येथे 'हॅड गॉन' नको; 'आय वेंट टू पंचवटी यस्टरडे' एवढे पुरते. भूतकाळातील एक घटना दुसरीच्या आधी घडली हे दाखवायचे असेल तेव्हा 'हॅड' वापरावे. 'व्हेन आय रीच्ड सीबीएस, द बस लेफ्ट' म्हणजे आपण पोहोचलो आणि बस सुटली. 'द बस हॅड लेफ्ट' म्हणजे ती आधीच सुटलेली होती. एका शब्दाने घटनांचा क्रम बदलतो.

क्रियाविशेषण

'ती काल थांब्यावर शांतपणे थांबली' या वाक्याचा क्रम काळ, स्थळ, रीत असा आहे. इंग्रजीत तो साधारणतः उलटा होतो. 'शी वेटेड पेशंटली ॲट द स्टॉप यस्टरडे', म्हणजे रीत, स्थळ, काळ. काळावर भर द्यायचा असल्यास 'यस्टरडे' वाक्यारंभी चालते. क्रियापद व कर्म यांच्यामध्ये मात्र रीतिवाचक शब्द घालू नये. 'ही ओपन्ड स्लोली द डोअर' चूक, 'ही ओपन्ड द डोअर स्लोली' बरोबर. 'ऑल्वेज', 'नेव्हर', 'ऑफन' हे शब्द मुख्य क्रियापदाआधी येतात, पण 'वॉज'नंतर. उदाहरणार्थ, 'शी ऑल्वेज केम अर्ली' व 'शी वॉज ऑल्वेज अर्ली'.

उभयान्वयी अव्यय

मराठीत 'जरी-तरी', 'जेव्हा-तेव्हा' अशा जोड्या असतात. इंग्रजीत दोन वाक्ये जोडायला सहसा एकच अव्यय पुरते. 'ऑल्दो'ने सुरुवात केली की पुढे 'बट' नको, 'बिकॉज'ने सुरुवात केली की पुढे 'सो' नको. 'ऑल्दो इट रेन्ड हेविली, द ट्रेन अराइव्ह्ड ऑन टाइम' हे वाक्य पूर्ण आहे.

तिन्हींचा मेळ

नाशिकच्या इतिहासातील एक प्रसंग घ्या. 'द सत्याग्रह बिगॅन पीसफुली ॲट द काळाराम टेम्पल ऑन २ मार्च १९३०, बट द डोअर्स रिमेन्ड क्लोज्ड.' डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालील मंदिरप्रवेशाच्या लढ्याचे हे वाक्य. 'बिगॅन' व 'रिमेन्ड' ही भूतकाळी क्रियापदे. त्यानंतर रीत, स्थळ, काळ हा क्रम. आणि 'बट' या एका अव्ययाने जोडलेली दोन विधाने.

सरावासाठी

पुढील वाक्याचे इंग्रजी करा : 'जरी मी काल लवकर निघालो होतो, तरी मला बस मिळाली नाही.'

उत्तर : 'ऑल्दो आय लेफ्ट अर्ली यस्टरडे, आय डिड नॉट गेट द बस.' 'होतो' आणि 'तरी' हे दोन्ही शब्द गाळले आहेत, तसेच 'डिड नॉट'पुढे 'गॉट' न येता 'गेट' आले आहे, हे लक्षात घ्यावे.