गाठीचा ताप, १८९७: एक ड्युटी

या ड्युटीवर जाताना सोबत काही नेता येणार नाही. ग्लोव्हज नाहीत, सलाइन नाही, अँटिबायोटिक नाही. वॉर्डात शिकलेलं डोक्यात आणि दोन हात, एवढ्यावर भागवायचं आहे.

२९ ऑक्टोबर १८९६. मुंबईत आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात, फाटकाच्या आतल्या बाजूला तुम्ही उभे आहात. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच. गेल्याच महिन्यात मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत हा रोग ओळखला: प्लेग. लोक त्याला गाठीचा ताप म्हणतात. बाहेर गलका वाढतो. सुमारे हजार गिरणी कामगार रुग्णालयावर चालून येतात.

पहिल्यांदा भीती वाटते, मग राग येतो. आपण यांच्याच माणसांची सेवा करतो आणि हे आपल्यावरच हात उगारतात? पण जरा त्यांच्या बाजूने बघा. आजारी माणसाला घरातून उचलून नेतात. त्याला कुठे ठेवलं, तो जिवंत आहे का, त्याच्या तोंडात पाणी कोण घालतं, हे घरच्यांना कोणी सांगत नाही. आत गेलेली बहुतेक माणसं परत येत नाहीत, एवढंच त्यांना दिसतं. त्या मौनातून अफवा उठते: आत माणसाच्या अंगातून मोमियाई नावाचं औषध काढतात. अफवा धादांत खोटी आहे. तिच्या पोटातला प्रश्न मात्र खरा आहे: माझ्या माणसाजवळ आत कोण आहे?

उत्तर शोधायला पुढे चला. मार्च १८९७ ची सुरुवात, पुण्याजवळ हडपसर, ससाणे मळा. आजूबाजूच्या वस्त्यांमधून उंदीर पडायला लागले आहेत. उंदीर पडले की घर सोडून माळावर राहायला जायचं, हे लोक अनुभवाने शिकले आहेत. पण उंदरावरची पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये दाखवून देतील. तुम्हाला ते आजच ठाऊक आहे. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून पन्नासेक वर्षं आहेत, हेही ठाऊक आहे. समोरच्या रुग्णाला त्यातल्या कशाचाही उपयोग नाही.

मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला आहे. ते लष्करात डॉक्टर होते. साथ आल्यावर आईने बोलावून घेतलं. आई म्हणजे सावित्रीबाई. वय ६६. त्या कुठल्या नर्सिंग शाळेत शिकलेल्या नाहीत, पण रुग्ण कुठून आणायचा आणि त्याच्याशी कसं वागायचं, हे इथे त्याच ठरवतात.

एका खाटेशी तुम्ही बसता. तिशीतली बाई. ताप फणफणलेला, डोळे लाल, जीभ जड झाल्यामुळे शब्द अडखळतात. जांघेत लिंबाएवढी गाठ, तिला नुसता कपडा लागला तरी ती कळवळते. काही औषध देता येत नाही. मग काय करायचं?

आधी तिचं नाव विचारायचं. मग एक लुगडं आडवं बांधायचं, कारण गाठ जांघेत आहे आणि पलीकडे पुरुष रुग्ण आहेत. काय करणार ते तिला सांगायचं आणि तिने मान हलवल्यावरच हात लावायचा. अंग ओल्या फडक्याने पुसून काढायचं. थोडं थोडं पाणी, चमच्याने, ती आडवी असतानाच. हे नीट लक्षात ठेवा: या रोगात हृदय फार अशक्त होतं. जरा बरं वाटलं म्हणून उठून बसलेला रुग्ण तिथल्या तिथे जाऊ शकतो. त्यामुळे तांब्या तोंडाला लावायला तिला उठवायचं नाही. रात्री वातात ती उठून पळायला बघेल, तेव्हा तिला बांधूनही ठेवायचं नाही. खांद्यावर हात ठेवायचा, नावाने हाक मारायची आणि बसून राहायचं. दोन-दोन तासांनी अलगद कुशीवर वळवायचं, अंथरुणाची सुरकुती काढायची, पाठ लाल झाली आहे का ते बघायचं. नाडी बघायची आणि ती मघापेक्षा नीट लागतेय की नाही, हे डॉक्टरांना नेमकं सांगायचं.

तुम्ही रोज वॉर्डात करता तेच हे सगळं. फरक इतकाच, की इथे त्याच्या आडोशाला एकही इंजेक्शन नाही. औषध काढून घेतलं की मागे काय उरतं, ते तुमच्या समोर आहे: नजर, स्पर्श, सोबत आणि माणसाची अब्रू. या बळावर काही रुग्ण वाचतात. जे वाचत नाहीत, ते एकटे मरत नाहीत.

स्पर्शाची गोष्ट इथे अधिक अवघड आहे. हे १८९७ चं पुणं आहे. कोणी कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, हे जन्मावरून ठरलेलं. शुश्रूषा म्हणजे तर दुसऱ्याची उलटी पुसायची, मळमूत्र काढायचं, ओठांना पाणी लावायचं. जातीचा एकेक नियम मोडल्याशिवाय हे काम होत नाही. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांचा मुलगा पांडुरंग तापाने पडल्याचं कळतं. सावित्रीबाई जातात आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात येतात, असं सांगितलं जातं. या बाईने आणि जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, त्याला आता जवळजवळ तीस वर्षं झाली. मुलगा वाचतो. सावित्रीबाईंना लागण होते आणि १० मार्चला त्या जातात. आपण त्यांना पहिल्या शिक्षिका म्हणून ओळखतो. परिचर्येच्या वर्गातही त्यांचं नाव तितक्याच हक्काने घेतलं गेलं पाहिजे.

आता पुणे शहरात या. मार्च संपत आला आहे. वॉल्टर रँड यांची प्लेग समिती कामाला लागली आहे. ४ फेब्रुवारीला मंजूर झालेल्या साथरोग कायद्याने सरकारला अफाट अधिकार दिले आहेत. रुग्णाला कसं वागवायचं, याबद्दल त्यात चकार शब्द नाही. गोरे सोजीर घराघरांत शिरतात, देवघर-माजघर बघत नाहीत, सामान बाहेर काढून जाळतात. बायकांची काख-जांघ चारचौघांत तपासली जाते. लोक आजारी माणसं लपवू लागतात आणि साथ अधिक आत शिरते. त्याच शहरात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग हॉस्पिटल उभं राहतं आणि तिथे मात्र लोक आपल्या माणसाला घेऊन जायला तयार होतात. २२ जूनला रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या जातील. पुढचा इतिहास तुम्ही शाळेत शिकला आहात.

दवाखान्यात आणि शहरात रोग एकच होता, गाठ एकच होती, खात्रीचा इलाज दोन्हीकडे नव्हता. तपासायची जागाही तीच, काख आणि जांघ. एकीकडे आधी नाव विचारलं, लुगडं आडवं बांधलं, मान हलायची वाट पाहिली. दुसरीकडे हुकूम होता. एका ठिकाणी लोक पाठीवरून आले, दुसऱ्या ठिकाणाहून जीव घेऊन पळाले.

परत आपल्या काळात या. परिचारिकांची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता १९५३ मध्ये लिहिली गेली. आपल्याकडे नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ मध्ये झाला. रुग्णाची प्रतिष्ठा, गुप्तता, संमती हे शब्द तुम्ही परीक्षेसाठी पाठ केले. त्यातला प्रत्येक शब्द कोणाच्या तरी अंगावर बेतलेल्या प्रसंगातून आला आहे. आणि तो १८९७ चा कायदा २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, पुन्हा वापरला गेला. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला शिक्षा देणारी कलमं त्या वर्षी त्यात घातली गेली. ती हवीच होती. ड्युटीवरच्या सिस्टरवर हात उगारणाऱ्याला माफी नसावीच. पण आर्थर रोडच्या फाटकाशी जे ऐकलंत ते कलमांनी मिटत नाही. आयसीयूच्या बंद दाराबाहेर बसलेला नातेवाईक आजही तोच प्रश्न विचारतो. दोन मिनिटं बाहेर येऊन, "तुमच्या आई आत्ता झोपल्यात, मी जवळच आहे," एवढं सांगणारी सिस्टर सगळ्या वॉर्डाचं रक्षण करत असते.

एका सिस्टरकडे चाळीस रुग्ण असताना हे सगळं कसं जमायचं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. तो प्रशासनाला मोठ्याने विचारलाच पाहिजे, कारण माणसं कमी असली की सगळ्यात आधी पडदा आणि दोन शब्दच गळतात. तोवर पुढच्या खाटेपाशी जाल तेव्हा नाव विचारा, काय करणार ते सांगा, पडदा ओढा, मग हात लावा. हातात काहीच औषध नसताना माणसांनी हे पाळलं. आपल्या हाताशी एवढं सगळं असताना ते सोडायला आपल्याकडे सबब नाही.