श्रीमंत देशांची गुणपत्रिका

उत्पन्न वाढतं ठेवून कर्ब उत्सर्जन कोणता श्रीमंत देश सर्वांत चोखपणे घटवतो, याच्या तुलना आता सर्रास होतात. शून्य ते एक अशा गुणांपैकी पूर्ण एक मिळाला की तो देश कार्यक्षम ठरतो. हे गुण देणारी एक मान्यताप्राप्त पद्धत मात्र देशांसाठी जन्मलीच नव्हती, आणि धुरासाठीही नाही.

तिची मुळं शेतात सापडतात. १९५७ साली एम. जे. फॅरेल या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या ४८ राज्यांची शेती तपासली. जमीन, मजुरी, भांडवल किती लागलं आणि हाती काय आलं, हे त्याने मांडलं. कागदावरचा आदर्श न शोधता त्याने सर्वांत सरस राज्यांनाच मापदंड ठरवलं. बाकीची त्यांच्यापेक्षा किती मागे, तेवढे त्यांचे गुण कमी.

पुढचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत गरीब घरांतल्या मुलांसाठी ‘फॉलो थ्रू’ नावाचा सरकारी शिक्षणप्रकल्प चालू होता. त्यातल्या शाळांचं मूल्यमापन करताना एडवर्डो ऱ्होड्स या संशोधकापुढे अडचण उभी राहिली. वाचन आणि गणिताबरोबर मुलांचा आत्मविश्वासही मोजायचा होता, पण आत्मविश्वासाला बाजारभाव कुठून आणायचा? चार्न्स आणि कूपर या ज्येष्ठांसह त्याने १९७८ मध्ये तोडगा मांडला. प्रत्येक शाळेला तिच्या सर्वांत सोयीचा भारांक लावू द्यायचा. तरीही दुसऱ्या शाळा तिच्यापुढे गेल्या, तरच तिला उणं ठरवायचं. दुर्बलाला पूर्ण संधी देणारी ही रीत होती.

धुरालाही बाजारभाव नव्हता. म्हणून ही रीत प्रदूषणाकडे वळली, पण वाटेत कागद गिरण्या लागल्या. गिरणी कागद काढते, सोबत घाण पाणीही. जुन्या हिशेबात पाणी शुद्ध करणारी गिरणी खर्चिक दिसायची आणि ते तसंच नदीत सोडणारी हुशार. १९८९ मध्ये फेरे, ग्रॉसकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाण पाणी हेही उत्पादनच धरलं, फक्त नको असलेलं. ते फुकट घटत नाही, त्यासाठी थोडा कागद सोडावा लागतो, हे गृहीतक त्यांनी गणितात बसवलं आणि गिरण्यांचा क्रम पार बदलला. नदीच्या बाजूने झालेला तो न्याय होता.

गिरणीच्या जागी देश, कागदाच्या जागी राष्ट्रीय उत्पन्न, घाण पाण्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड, एवढा बदल करायचाच काय तो बाकी होता. २००० साली ओस्मान झैम आणि फातमा ताश्कीन या तुर्की अर्थशास्त्रज्ञांनी ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांना ही रीत लावली. त्यानंतर असे अभ्यास ढिगाने झाले.

इथेच माझा आक्षेप आहे. कागद गिरणी आपलं सांडपाणी दुसऱ्या गिरणीच्या वहीत लिहू शकत नाही. देशाला ते जमतं. पोलाद परदेशात ओतून घ्यावं आणि तयार माल आणावा, की धूर तिथल्या खात्यावर आणि उपभोग आपल्याकडे. दुसरं म्हणजे, शाळांच्या वेळी मुलांच्या आईचं शिक्षणही हिशेबात धरलं होतं, कारण सुरुवात सारखी नसते. देशांच्या साध्या हिशेबात श्रमिक, भांडवल आणि ऊर्जा येते. पायाखालचा कोळसा किंवा डोंगरातून कोसळणारं पाणी सहसा येत नाही. नॉर्वेची बहुतेक वीज जलविद्युत आहे, पोलंडची पिढ्यान्‌पिढ्या कोळशावर. नॉर्वेचा नैसर्गिक वायू जर्मनीत जळतो, तेव्हा ते उत्सर्जन जर्मनीच्या नावावर पडतं. स्वीडनने १९९१ पासून कर्ब कर लावला. ते कर्तृत्व आणि नॉर्वेच्या नद्या एकाच रकान्यात कसे बसवायचे?

ब्रिटनने आपलं शेवटचं कोळसा वीजकेंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोअर, ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केलं. हे खरं यश आहे, ते कोणी नाकारू नये. आयात मालातल्या उत्सर्जनाचा अंदाजही तिथलं सरकार प्रसिद्ध करतं. पण २००८ च्या हवामान कायद्यातलं बंधनकारक उद्दिष्ट फक्त देशाच्या हद्दीतल्या धुराचंच आहे.