सिंदखेडचा वाडा

पडक्या घरांत पुन्हां संसार थाटणाऱ्या गृहस्थानें भिंत पाडली काय किंवा नवी खिडकी फोडली काय, त्याला जाब विचारणारें कोणी नसतें. राहावयाचें त्यालाच असतें. परंतु ज्या वाड्याचा धनी १६२९ सालीं देवगिरीच्या किल्ल्यांत पुत्रांसह व नातवासह मारला गेला, त्याचा जीर्णोद्धार कोणाच्या सोयीनें करावयाचा? बुलडाणा जिल्ह्यांतील सिंदखेडराजा येथें लखुजी जाधवरावांचा वाडा पाहतांना हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं. १५९८ सालीं जिजाबाईंचा जन्म येथेंच झाला. महाद्वार अद्याप भक्कम आहे. आंत मात्र माजघर कोठें, सदर कोठें, हें जोत्यांवरून पाहणाऱ्यानेंच मनाशीं उभारावयाचें. १२ जानेवारीला येथें माणसांचा पूर लोटतो. त्या दिवसापुरतें हें घर पुन्हां नांदतें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां दुरुस्तीविषयीं. चुना भिंतींतील ओल बाहेर जाऊं देतो. सिमेंट तीच ओल आंत कोंडतें, आणि शेजारच्या जुन्या विटेचें पीठ होऊन गळूं लागतें. म्हणून जाणते गवंडी चुना भिजत घालतात, घाणीवर मळतात, त्यांत गूळ, हिरडा, बेलफळ यांचें पाणी घालतात. काम सावकाश चालतें. उद्घाटनाची तिथि आधीं ठरविणाऱ्या मंडळींना तें रुचत नाहीं, त्याला आमचा इलाज नाहीं.

या सावकाशपणाचें फळ २०२४ सालीं पदरांत पडलें. गांवांतीलच लखुजींच्या समाधीच्या छत्रीची डागडुजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून चालू असतां कांहीं घडीव दगड नजरेस आले. खणतां खणतां एका मंदिराचा सभामंडप लागला, आणि सुमारें २.२५ मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ति निघाली. लांबी १.७० मीटर, उंची एक मीटर. शेषावर पहुडलेला देव, पाय चुरणारी लक्ष्मी, आणि समुद्रमंथनाचा देखावा. दगड क्लोराइट शिस्ट जातीचा, मऊ. त्यामुळें कारागिराच्या छिन्नीला अलंकारांचे बारकावे साधले. माणसाची समाधि सांवरावयास गेलेल्या कुदळीला देवाचें घर सांपडलें!

अशा वेळीं जें अधिक जुनें तेंच खरें मानून वरचें मोकळें करण्याची घाई होते. आमच्या मतें छत्रीचाही त्या जागेवर तितकाच हक्क आहे.

राहतां राहिला काळाकोट. प्रचंड तटांचें हें बांधकाम पुरें झालेंच नाहीं. तें पुरें करूं पाहणाराही उद्यां कोणी निघेल. त्याला गांवांतील एखादें गळकें घर दाखवावें.