एका नावाच्या अनेक वह्या

शाळेत नवे मूल दाखल झाले, की त्याचे नाव प्रथम जनरल रजिस्टरात चढते. तिथून ते हजेरीपटावर, निकालपत्रकात, ग्रंथालयाच्या वहीत, शिष्यवृत्तीच्या यादीत जाते. मूल दाखला घेऊन दुसऱ्या गावी गेले, की या सगळ्या ठिकाणांहून ते काढावे लागते. ग्रंथालयाच्या वहीत एखादे नाव राहून गेले, तर फारसे बिघडत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र असे राहून गेलेले नाव महागात पडू शकते.

७ मे २०२१ रोजी अमेरिकेतील कलोनिअल पाइपलाइन या कंपनीने आपली सुमारे ८,८०० किलोमीटर लांबीची इंधनवाहिनी बंद केली. कंपनीच्या संगणकांत खंडणीखोर शिरले होते. नंतरच्या तपासात दिसले, की ते एका जुन्या खात्यातून आत आले होते. दुरून जोडणी करण्यासाठी दिलेले ते खाते वापरात नव्हते, पण कुणी बंदही केले नव्हते. पाच दिवस वाहिनी थांबली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी म्हणून दिले.

माणूस आला की सर्व याद्यांत त्याचे नाव घालायचे आणि गेला की सर्व याद्यांतून काढायचे, हे काम करणाऱ्या आज्ञावलींना ‘ओळख व्यवस्थापन’ प्रणाली म्हणतात. प्रत्येक यादीपर्यंत पोचण्यासाठी या प्रणालीला एक दुभाषी लागतो. त्याचे नाव कनेक्टर. या दुभाष्याचा इतिहास आपण येथे पाहू.

एक यादी पुरत होती तेव्हा

१९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांदो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था करून दाखवली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून त्यांनी प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला. संगणक एक, म्हणून यादीही एकच. ती सांभाळणे अवघड नव्हते.

याच संस्थेत १९८३ साली ‘अथेना’ हा प्रकल्प सुरू झाला. आता संगणक आवारभर पसरले. टपालाचा संगणक वेगळा, फायली साठवणारा वेगळा, छपाईचा वेगळा आणि प्रत्येकाची यादी निराळ्या मांडणीची. तेथील मंडळींनी ‘मॉयरा’ नावाची व्यवस्था उभारली. तिचे वर्णन १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. माहितीचा मूळ साठा एकच. ठरावीक वेळाने एक आज्ञावली त्यातून माहिती उचलते, टपालाच्या संगणकाला हवी तशी एक फाइल बनवते, फायलींच्या संगणकाला हवी तशी दुसरी आणि ज्याची त्याला पोचवते. आजच्या कनेक्टरचे काम येथे स्पष्ट दिसते. मात्र हे दुभाषी एमआयटीच्या घरचे होते. दुसऱ्या संस्थेला ते जसेच्या तसे उपयोगाचे नव्हते.

दुसरा विचार असा पुढे आला, की प्रत्येकाने आपली यादी ठेवायचीच कशाला? सर्वांनी एकाच मोठ्या वहीत पाहावे. १९८८ च्या एक्स-५०० या प्रमाणाने अशा वहीचा आराखडा दिला. तो फार जड होता. म्हणून मिशिगन विद्यापीठातील टिम हॉवेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची हलकी आवृत्ती तयार केली. १९९३ साली ती ‘एलडॅप’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि पुढे जगभर रुजली. पण पगाराची, हिशेबाची, भांडाराची सॉफ्टवेअर आपापल्या वह्या सोडायला तयार नव्हती. वह्या अनेकच राहिल्या.

साठ की तेवीस?

२००० साली अमेरिकेत ऑस्टिन येथे वेव्हसेट ही कंपनी निघाली. तिचे सॉफ्टवेअर अनेक प्रणालींवरची खाती एका जागेवरून उघडत व बंद करीत असे. नोव्हेंबर २००३ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी घेण्याचे जाहीर केले. या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रणालीसाठी जोडणीचा एक भाग होता, पण तो त्या सॉफ्टवेअरच्या पोटातच शिवलेला होता. दुसऱ्या कुणाला तो काढून वापरता येत नसे.

यात अडचण काय, ते फळ्यावर मांडून पाहता येईल. डावीकडे तीन टिंबे काढा, ही ओळख व्यवस्थापनाची तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर. उजवीकडे वीस टिंबे काढा, या ज्यांच्यापर्यंत पोचायचे त्या वीस प्रणाली. डावीकडचे प्रत्येक टिंब उजवीकडच्या प्रत्येकाशी जोडले, तर साठ रेघा होतात, म्हणजे साठ दुभाषी लिहावे लागतात. आता मधोमध एक टिंब काढा आणि सर्वांना फक्त त्याच्याशी जोडा. रेघा उरतात तेवीस. गुणाकाराच्या जागी बेरीज आली.

हे मधले टिंब म्हणजे एक करार. सनने २००८ साली ‘आयडेंटिटी कनेक्टर्स’ या नावाने असा करार तयार केला आणि त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. कनेक्टरने कोणती कामे करावीत, हे त्यात ठरवून दिले होते. खाते उघडणे, बदलणे, मिटवणे, शोधणे. जोडणी नीट आहे का ते तपासणे. समोरच्या वहीत कोणकोणते रकाने आहेत ते सांगणे. आणि मागच्या वेळी वाचले त्यानंतर काय बदलले ते कळवणे. सर्व कामे प्रत्येकाला यायलाच हवीत, असे नाही. ज्याला जी येतात ती त्याने जाहीर करायची.

या करारातील एक कलम शिक्षकांना लगेच पटेल. प्रत्येक खात्याला दोन ओळखी असतात, एक नाव आणि एक कायमचा क्रमांक. मुलाचे आडनाव बदलले, नावाचे शुद्धलेखन दुरुस्त झाले, तरी त्याचा जनरल रजिस्टरातला नंबर बदलत नाही. तसेच इथे. नाव बदलले तरी खाते तेच आहे, हे त्या क्रमांकावरून कळते.

दुभाष्यांची देखभाल

प्लग आणि भिंतीवरचे सॉकेट यांचे माप ठरलेले असले, की कोणत्याही कारखान्याचा पंखा कोणत्याही घरात चालतो. कनेक्टरही असाच बाहेरून बसवायचा भाग असतो. तो एका फायलीत बांधलेला असतो आणि फायलीवर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: गठ्ठ्याचे नाव, त्याची आवृत्ती आणि करारातील कोणत्या आवृत्तीला अनुसरून तो केला आहे ते. ही फाइल ठरलेल्या जागी ठेवली, की मुख्य सॉफ्टवेअर ती वाचून घेते.

खरी कटकट पुढे सुरू होते. समोरची प्रणाली सुधारली, की जुन्या दुभाष्याला तिची भाषा नीट कळेनाशी होते. नवा आणावा लागतो. पण जुना एकदम काढला, तर त्याच्या भरवशावर चाललेली कामे बंद पडतात. म्हणून दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवता येतात. एक प्रणाली नव्यावर नेऊन पाहायची, तपासणी करायची, मग दुसरी न्यायची, आणि कुणीच उरले नाही की जुना काढायचा. हे जमावे म्हणून प्रत्येक कनेक्टरला स्वतंत्र कप्पा दिलेला असतो. एकाच्या सोबत आलेले सामान दुसऱ्याच्या सामानात मिसळत नाही. काही प्रणालींशी त्यांच्या शेजारच्याच संगणकावरून बोलणे सोयीचे असते. तिथे कनेक्टर दूरच्या संगणकावर बसवून मुख्य सॉफ्टवेअर त्याच्याशी जाळ्यातून बोलते.

ही देखभाल चुकली, तर दिसायला काहीच बिघडत नाही. मुख्य यादीत माणूस गेल्याची नोंद होते, पण दुभाषी मुका झाल्यामुळे तो निरोप पलीकडच्या वहीपर्यंत पोचत नाही. तिथले खाते उघडेच राहते. म्हणून जाणकार प्रशासक उलटी तपासणीही करतात: प्रत्येक वही वाचून घ्यायची आणि जिचा मुख्य यादीत धनी सापडत नाही, ती नोंद वेगळी काढायची. अशा खात्यांना ‘अनाथ खाती’ म्हणतात.

कंपनी गेली, करार राहिला

२७ जानेवारी २०१० रोजी ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेण्याचा व्यवहार पुरा केला. ओरॅकलजवळ स्वतःचे ओळख व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर आधीच होते. सनचे सॉफ्टवेअर मागे पडले. त्याच्या पोटात शिवलेल्या जुन्या जोडण्याही त्याच्याबरोबर गेल्या.

खुल्या करारावर लिहिलेले कनेक्टर मात्र वाचले. त्याच वर्षी सनमधील काही माजी मंडळींनी नॉर्वेत फोर्जरॉक ही कंपनी काढली आणि हे काम ‘ओपनआयसीएफ’ या नावाने पुढे नेले. इटलीतील तिरासा या कंपनीने तेच काम ‘कॉनआयडी’ या नावाने उचलले. २०१२ मध्ये अपाचे प्रतिष्ठानाचा पूर्ण प्रकल्प झालेले ‘सिंकोप’ हे सॉफ्टवेअर कॉनआयडीवरच उभे आहे. स्लोव्हाकियातील ‘मिडपॉइंट’ने आधी ओपनआयसीएफ वापरले, पुढे तेही कॉनआयडीकडे आले. ओरॅकलनेही आपल्या सॉफ्टवेअरमध्ये सनचा हा आराखडा घेतला. कॉनआयडीची आज्ञावली उघडून पाहिली, तर तिच्या फायलींच्या नावांत ‘आयडेंटिटी कनेक्टर्स’ हे मूळचे नाव अजूनही जागोजागी दिसते.

यानंतर समोरच्या प्रणालींनीच एक समान भाषा बोलावी, असाही प्रयत्न झाला. ‘स्किम’ नावाचे ते प्रमाण २०११ मध्ये आले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये इंटरनेटच्या प्रमाणांत दाखल झाले. नव्या सेवा ते बोलतात. पण बँका, रुग्णालये आणि विद्यापीठे यांतील जुन्या प्रणाली ती भाषा शिकतील, हे संभवत नाही. तिथे दुभाषी लागणारच, आणि तो मुका तर झाला नाही ना, हे अधूनमधून पाहणारा माणूसही लागणार.