अल्पायुषी अधेली आणि नमुना नाण्यांचा संग्रह

पहिल्या महायुद्धाच्या काळात चांदीची तीव्र टंचाई निर्माण झाल्याने ब्रिटिश भारत सरकारने दोन, चार आणि आठ आण्यांच्या नाण्यांसाठीही तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा वापर सुरू केला. 1918 मध्ये दोन आण्यांची चौकोनी चवली आणि 1919 मध्ये चार आण्यांची पावली व आठ आण्यांची अधेली चलनात आली. यांपैकी अधेली सर्वांत अल्पायुषी ठरली. तिच्यावर 1919 आणि 1920 ही दोनच वर्षे आढळतात. खोट्या अधेल्यांचा सुळसुळाट झाल्याने सरकारला ती मागे घ्यावी लागली आणि 1924 मध्ये तिची कायदेशीर चलन म्हणून असलेली मान्यता संपुष्टात आली. त्यापूर्वीच चांदीची अधेली पुन्हा पाडली जाऊ लागली होती.

अशा अल्पजीवी मूल्यांची नमुना नाणी हा संग्राहकांच्या विशेष आस्थेचा विषय आहे. नवे नाणे मंजूर होण्यापूर्वी त्याची आकृती, आकार किंवा धातू पारखण्यासाठी टांकसाळीत जी मोजकी नाणी पाडली जातात, त्यांना नमुना नाणी म्हणतात. ती व्यवहारासाठी नसतात. चलनी नाण्याच्याच साच्यातून विशेष काळजीपूर्वक पाडलेले 'प्रूफ' नाणे याहून निराळे. मुंबई आणि कोलकाता येथील टांकसाळींनी जुन्या साच्यांतून संग्राहकांसाठी नंतर पुन्हा पाडलेली नाणी हा तिसरा प्रकार होय. या तिन्हींच्या किमतींत मोठी तफावत असल्याने खरेदीपूर्वी भेद समजून घेणे अगत्याचे ठरते. प्रिडमोर यांच्या ब्रिटिश भारतीय नाण्यांवरील सूचिग्रंथात या प्रकारांच्या स्वतंत्र नोंदी आहेत.

नाण्याचे वजन, व्यास व कड यांची सूचीतील नोंदींशी तुलना करावी. तीन भाग तांबे आणि एक भाग निकेल असलेली 1919 ची अधेली लोहचुंबकाला चिकटत नाही. चिकटल्यास ती संशयास्पद समजावी. मात्र न चिकटणे हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे. नाणे घासून चकचकीत केल्यास त्याचे मूल्य घटते. नाणे पूर्वी कोणाच्या संग्रहात होते, याची लेखी नोंद जपून ठेवावी.

कायद्याची बाजूही महत्त्वाची आहे. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, 1972 नुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे 1919 आणि 1920 च्या अधेल्या परदेशातील आप्तांना भेट म्हणूनही पाठवता येणार नाहीत. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपल्या नावाने शुल्क उकळले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता. अशा व्यवहारांशी आपला संबंध नसल्याचेही बँकेने स्पष्ट केले होते.

नाणकशास्त्राच्या अभ्यासकांसाठी नाशिकजवळील अंजनेरी येथे 1980 मध्ये संशोधन संस्था स्थापन झाली, तर रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतील चलन संग्रहालयाचे उद्घाटन 2004 मध्ये झाले. ज्या अधेलीचे आयुष्य खोट्या नाण्यांमुळे खुंटले, तिचा संग्रह करताना पारख हीच पहिली गुंतवणूक ठरते.