काडेपेटीतील मोटार

भोपाळच्या बाग सेवनियासारख्या वस्तीत चाळिशी ओलांडलेला एखादा गृहस्थ बोटभर लांबीची धातूची मोटार विकत आणतो आणि ती मुलाच्या हाती न देता काचेच्या कपाटात ठेवतो, तेव्हा घरातील मंडळी हसतात. या हसण्यात थोडा अन्याय आहे. हरवलेले बालपण कोणालाही विकत मिळत नाही. त्याची आठवण मात्र मिळते. तथापि मुलाचा हट्टही अवाजवी नव्हे, कारण या मोटारींचा इतिहास त्याच्याच बाजूने साक्ष देतो.

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने खेळण्यातील आगगाडीच्या सोबतीला म्हणून काही छोट्या मोटारी काढल्या. त्यांनाच १९३४ साली 'डिंकी' हे नाव मिळाले. वितळलेले जस्ताचे मिश्रण दाबाने पोलादी साच्यात भरावयाचे आणि निवताच काढून रंगवावयाचे, अशी ही कृती. पुढे १९४७ मध्ये लंडनला लेस्ली स्मिथ व रॉडनी स्मिथ या मित्रांनी 'लेस्नी' नावाचा ओतकामाचा कारखाना काढला. आडनाव एक, पण नाते नव्हे. त्यांचे भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत असा नियम होता की, काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणावे. ओडेल यांनी नियमही पाळला आणि मुलीचे मनही राखले. काडेपेटीत बसेल असा पितळी रोडरोलर त्यांनी घडविला. त्यातूनच १९५३ मध्ये 'मॅचबॉक्स' मोटारी बाजारात आल्या. शाळेच्या नियमाला असे गोड फळ क्वचितच येते!

१९६८ साली अमेरिकेतील मॅटेल कंपनीच्या 'हॉट व्हील्स' धावू लागल्या. त्यांच्या वेगापुढे लेस्नीची दमछाक झाली आणि १९८२ मध्ये तिचे दिवाळे निघाले. डिंकीचे काही जुने साचे मात्र त्याआधीच कलकत्त्यास पोहोचले होते. तेथे त्यांतून निघालेल्या मोटारी 'निकी' या नावाने विकल्या गेल्या.

मराठी घरांना चाकांचे खेळणे नवे नव्हते. विदर्भातून भोपाळास आलेल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना तान्हा पोळा ठाऊक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढीत मिरवतात. आजोबांचा बैल नातू ओढतो. शिंग मोडले तरी त्याचा मान जात नाही.

संग्राहकांचा हिशेब नेमका उलटा आहे. मूळ खोक्यातील, एकही ओरखडा नसलेली मोटार सर्वांत महाग. म्हणजे जिच्याशी कोणी खेळले नाही, ती. परंतु धातूला हा हिशेब मान्य नाही. १९३० नंतरच्या दशकातील अनेक मोटारींच्या जस्तात शिशाची भेसळ राहून गेली होती. अशा मोटारी आतून फुगतात, त्यांना तडे जातात. कोणत्याही मुलाचा हात न लागलेली मोटार खोक्यातून काढावी, तो तिचे तुकडे हातात येतात.